शुक्रवारी रात्री नऊला सिनेमा शोधायला बसू नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात चार ओटीटी, ५५ इंची टीव्ही, तुम्ही दोघं नोकरी करणारे, ९ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. शुक्रवारी जेवणं आटपून नऊ-साडेनऊला बसता, अर्धा-पाऊण तास हे बघू की ते बघू यातच जातो, तोवर कुणीतरी मोबाईल हातात घेतलेला असतो, सासूबाई कंटाळून आत गेलेल्या असतात, एकदाचा सिनेमा सुरू होतो आणि विसाव्या मिनिटाला तुमचा डोळा लागतो. उरलेला सिनेमा नंतर कुणीच बघत नाही. "पूर्वी सिनेमा बघितला की दोन दिवस डोक्यात असायचा, आता सकाळी नावसुद्धा आठवत नाही" हे तुमचं वाक्य मला लागलं. आणि शेवटी विचारलंय की प्रोजेक्टर घेतला तर फरक पडेल का.

प्रोजेक्टरचं सांगते, पण थोडं पुढे. कारण मला जे दिसतंय ते असं की तुम्ही आठवड्यातला सगळ्यात अवघड निर्णय आठवड्यातल्या सगळ्यात दमलेल्या तासाला घेताय, आणि तोही चार जणांनी मिळून. तिथे कुठलाही सिनेमा टिकणार नाही, कितीही चांगला असला तरी.

मी साताऱ्याची. १९८८ पासून आमच्या इथल्या फिल्म सोसायटीचं काम करते, शिवाय शाळांमध्ये रसास्वादाच्या कार्यशाळा घेते. सुरुवातीच्या काळात पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून १६ एमएमच्या प्रिंट (छोट्या प्रोजेक्टरवर चालणारी अरुंद फिल्म) मागवायचो, पत्र्याच्या डब्यांतून, कधी एसटीने तर कधी कुणी पुण्याहून येणारं असेल तर त्याच्या हाती. महिन्याच्या सुरुवातीला सभासदांना पोस्टकार्ड जायचं, अमुक रविवारी, अमुक वाजता, अमुक सिनेमा. बस्स. कुणाला निवड नव्हती. आणि तरी लोक यायचे, पाऊस असला तरी यायचे, कारण आठ दिवस आधीपासून ते कार्ड घरात कुठेतरी खोचलेलं असायचं आणि येता-जाता नजर पडायची. घरी टीव्हीवर पण तेच होतं, शनिवारी मराठी, रविवारी हिंदी, दूरदर्शन लावेल तो. मला तो काळ परत नकोय, आज जे जगभरचं बघायला मिळतं त्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं वाट बघितलीये. पण त्या कार्डाने एक गोष्ट केली होती, निवडणं आणि बघणं या दोन कामांमध्ये आठवड्याचं अंतर ठेवलं होतं. घरी ते अंतर परत आणता येतं.

म्हणून पहिली गोष्ट, पाळी लावा. चार माणसं, चार आठवडे. ज्याची पाळी त्याने बुधवारपर्यंत सिनेमा ठरवायचा आणि कागदावर लिहून फ्रीजवर लावायचा. नाव, किती मिनिटांचा, किती वाजता. मतदान नाही, कारण मतदानात नेहमी असा सिनेमा निवडला जातो ज्याला कुणाची हरकत नसते पण कुणाला खास बघायचाही नसतो. दुसऱ्याच्या पाळीला "हा काय लावलास" म्हणायचं नाही. माझ्या घरी हा नियम लॉकडाऊनमध्ये सुरू झाला, हॉल बंद होता म्हणून, आणि अजून चालू आहे. माझ्या मुलाने लावलेले दोन-तीन सिनेमे मी स्वतः होऊन आयुष्यात लावले नसते आणि त्यातला एक आता माझ्या अगदी जवळचा झालाय.

मुलीच्या पाळीला तिला खरंच निवडू द्या. फक्त वयाचा दर्जा बघा, आता ओटीटीवर आणि सेन्सॉर सर्टिफिकेटवर दोन्हीकडे यूए ७+, १३+, १६+ असे वेगळे टप्पे असतात, तुमच्या मुलीसाठी ७+ पर्यंतचं ठीक, १३+ असेल तर तुमच्यातल्या एकाने आधी बघून घ्यावा. मोठ्यांच्या पाळीलाही हीच अट, कारण ती समोर बसणार आहे.

दुसरी गोष्ट वेळ. शुक्रवार रात्र सोडून द्या, आठवडाभर राबलेलं शरीर तेव्हा झोपच मागतं आणि ते बरोबरच आहे. शनिवारी संध्याकाळी साडेपाच-सहा, किंवा रविवारी चार. आणि उलटा हिशोब करा, सिनेमा १४० मिनिटांचा असेल, मध्यंतर १५, नंतरची गप्पा १५, म्हणजे तीन तासाला दहा मिनिटं कमी. सहाला बसलात तर नऊच्या आत जेवायला. जेवण आधीच करून ठेवा किंवा त्या दिवशी साधी खिचडी टाका, पण स्वयंपाक कुणा एकीच्या गळ्यात पडून ती अर्धा सिनेमा ओट्यापाशी उभी आहे असं होऊ देऊ नका. हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्या सोसायटीत कित्येक वर्षं बायका मध्यंतरानंतर निघून जायच्या, कारण घरी स्वयंपाक, आणि आम्ही वेळ पाचची केल्यावर त्या शेवटपर्यंत बसायला लागल्या. वेळ ठरवताना घरातलं सगळ्यात जास्त काम ज्याच्याकडे आहे त्याला आधी विचारा.

आता हे सगळ्यांना जमेल असं नाही. शिफ्ट असेल, घरात आजारी माणूस असेल, मुलांच्या परीक्षा असतील तर महिन्यातून एकच करा. एक नीट बघितलेला मला चार अर्धवटांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि बाकी दिवस कपड्यांच्या घड्या घालताना काहीतरी चालू असणं यातही काही चूक नाही, आम्ही घरी त्याला "टीव्ही" म्हणतो आणि शनिवारच्याला "सिनेमा" म्हणतो, तेवढा फरक बोलण्यात ठेवला तरी मुलांना कळतं.

मोबाईल. इथे मी कडक आहे. सगळे फोन दुसऱ्या खोलीत, फक्त एकाचा रिंग चालू ठेवून, कुणाचं काही तातडीचं असेल तर. कारण साधं आहे, सिनेमा खूपसं न बोलता सांगतो. कोण दारात थांबलं, कोणी ताट बाजूला सरकवलं, कोणाकडे बघून कोणी नजर वळवली. तुम्ही खाली बघितलंत ती चार सेकंदं नेमकी तीच असतात आणि मग पुढे माणूस तसा का वागला ते कळत नाही, आणि आपण म्हणतो सिनेमा संथ आहे. सबटायटल असतील तर मग प्रश्नच मिटला. सासूबाईंना सबटायटल वाचायला जड जात असतील (चष्म्याचा नंबर, अक्षरांचा आकार, इंग्रजी, काहीही कारण असेल) तर त्यांना सगळ्यांसमोर लाजवू नका, त्या असतील त्या दिवशी मराठी-हिंदी किंवा चांगलं डबिंग असलेला लावा. सबटायटलचा आकार बहुतेक ॲपमध्ये वाढवता येतो हेही बघून ठेवा. ९ वर्षांच्या मुलीला भरभर येणारी सबटायटल पकडताना चित्र सुटतं, तिच्यासाठी कमी संवाद असलेला सिनेमा निवडा.

मध्यंतराबद्दल थोडं. आपले हिंदी-मराठी सिनेमे मध्यंतर धरून लिहिलेले असतात, पडद्यावर ती पाटी येते तिथे गोष्ट मुद्दाम एका वळणावर आणून थांबवलेली असते. ओटीटीवर ती पाटी आली की आपण सरळ पुढे जातो. जाऊ नका, तिथेच थांबवा, चहा करा, दहा-पंधरा मिनिटं. त्या वेळात "आता काय होईल" यावर जे बोलणं होतं ते फार गोड असतं, विशेषतः लहान मूल असेल तर. बाहेरच्या देशांतले सिनेमे बहुतेक वेळा सलग बघण्यासाठी बांधलेले असतात, ते मी शक्यतो मध्ये तोडत नाही, अडीच तासांपेक्षा मोठा असेल तरच.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: बुधवारी ठरवा, पाळीने ठरवा, उजेडी संध्याकाळी बसा, फोन आत, मध्यंतर पाळा. यात एक रुपया खर्च नाही. एवढं दोन महिने करून बघा आणि मगच पैशाच्या गोष्टींकडे या.

पण टीव्हीच्या सेटिंगकडे आजच बघा, कारण तिथे फार मोठं नुकसान होतं आणि कुणाला कळतही नाही. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. आजकालचे टीव्ही त्या २४ च्या मध्ये स्वतःच्या मनाने जादा चित्रं तयार करून भरतात, हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून. क्रिकेटला ते बरं दिसतं, पण सिनेमा रोजच्या मालिकेसारखा दिसायला लागतो, सेट सेटसारखे दिसतात, मेकप मेकपसारखा. याला मोशन स्मूदिंग म्हणतात, प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय पण सेटिंगमध्ये पिक्चर, मग मोशन असं काहीतरी सापडेल, ते बंद करा. काही टीव्हींवर फिल्ममेकर मोड असतो, २०१९ मध्ये जाहीर झालेली सोय आहे, त्याने हे सगळं एकदम बंद होतं. तो नसेल तर सिनेमा नावाचा पिक्चर मोड ठेवा. पहिल्यांदा चित्र पिवळट आणि मंद वाटेल, कारण दुकानातल्या झगमगाटी मोडची सवय झालेली असते. तीन-चार दिवस तसंच ठेवा, नंतर जुना मोड लावलात तर डोळ्यांना टोचेल.

चौकट पण बघा. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेले आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात, आणि बरेच जण रिमोटने चित्र ताणून ती जागा भरतात. मग सगळी माणसं बुटकी, जाड. किंवा झूम करतात, मग डोकी कापली जातात. १९३६ चा प्रभातचा 'संत तुकाराम' मी एकांच्या घरी असा ताणलेला बघितला आणि मला खरंच वाईट वाटलं. दामले-फत्तेलालांनी घेतलेला सिनेमा, १९३७ मध्ये व्हेनिसला ज्याची दखल घेतली गेली, आणि आपल्या घरी आपल्याच भाषेत आपण तो दाबून चपटा करून बघतोय. पट्ट्या राहू द्या. खोलीत अंधार केला की त्या दिसतही नाहीत.

अंधाराचं मात्र घरानुसार. पूर्ण काळोखात टीव्हीचा उजेड डोळ्यांवर येतो, म्हणून टीव्हीच्या मागे एक मंद दिवा ठेवा, आणि वरची ट्यूबलाइट तेवढी बंद. ट्यूबलाइट पडद्यावर आरशासारखी दिसते. अंतराचा माझा अंदाज असा की टीव्हीच्या इंचांना १.६ ने गुणायचं, तुमच्या ५५ साठी ८८ इंच, म्हणजे सव्वासात-साडेसात फूट. तुमचा सोफा बहुतेक भिंतीला लागून बारा फुटांवर असेल, हॉलची रचनाच तशी असते. शनिवारी दोन खुर्च्या आणि एक गादी पुढे ओढा. एवढ्यानेच चित्र केवढं मोठं होतं ते बघा, आणि खाली गादीवर बसून बघण्यात मुलांना जी मजा येते ती वेगळीच.

आवाज. सासूबाई आत जातात त्याचं एक कारण मला हे वाटतं, त्यांना संवाद नीट ऐकू येत नसणार. बऱ्याच पातळ टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, त्यात गाणी-मारामारी मोठ्याने आणि बोलणं पुटपुटल्यासारखं. आधी ॲपमध्ये ऑडिओचा पर्याय बघा, ५.१ (म्हणजे खोलीभर ठेवलेल्या सहा स्पीकरांसाठीचा आवाज) लावलेला असेल आणि तुमच्याकडे फक्त टीव्हीचे स्पीकर असतील तर साधा स्टिरिओ निवडा. टीव्हीत संवाद स्पष्ट करण्याचा किंवा रात्रीचा मोड असतो तो लावून बघा. पंखा एक नंबर कमी करा. त्यानंतरही भागलं नाही तर साउंडबार घ्या, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर.

आणि इथेच प्रोजेक्टरचं उत्तर आहे. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी साउंडबार, प्रोजेक्टर नंतर, आणि तोही खोलीवर अवलंबून. भिंतीवर प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, जिथे प्रकाश पडत नाही तिथे खोली जेवढी काळोखी तेवढंच चित्र काळं. म्हणजे तुम्ही ज्या संध्याकाळी साडेपाचला बसणार तेव्हा जाड पडदे नसतील तर रात्रीचे प्रसंग नुसते राखाडी दिसतील. १०० इंचाच्या चित्रासाठी साध्या प्रोजेक्टरला ९ ते ११ फूट अंतर लागतं, त्याच्यामधून कुणी पाणी प्यायला उठलं की सावली, शिवाय त्याच्या पंख्याचा आवाज डोक्याशी. खोक्यावरच्या ल्युमेनच्या (उजेडाचं माप) आकड्यावर विश्वास ठेवू नका, ॲन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा. आम्ही सोसायटीसाठी एकदा खोक्यावरचा मोठा आकडा बघून प्रोजेक्टर घेतला आणि पहिल्याच रविवारी हॉलच्या वरच्या झरोक्यांतून येणाऱ्या उजेडात नटांचे चेहरे दिसेनात, लोक बिचारे दीड तास डोळे ताणून बसले. मला आजही त्या दिवसाचं दुःख आहे, कारण फार सुंदर सिनेमा होता आणि त्या लोकांच्या मनात तो कायमचा पुसट राहिला. तुमच्याकडे पूर्ण अंधार होणारी खोली असेल, भिंत पांढरी आणि मोकळी असेल, आणि आठ-दहा जण जमत असतील तर प्रोजेक्टरसारखा आनंद नाही. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये चार जणांना तुमचा ५५ इंची पुरेसा आहे, जवळ बसलात की.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, सिनेमा संपल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. ॲप लगेच पुढचं काहीतरी सुरू करतं, आधी ते ऑटोप्ले सेटिंगमधून बंद करा. नामावली पूर्ण जाऊ द्या. आम्ही १६ एमएम दाखवायचो तेव्हा प्रोजेक्टर एकच, मोठं रीळसुद्धा चाळीसेक मिनिटांचं, त्यामुळे सिनेमाच्या मध्ये दोन-तीनदा दिवे लागायचे आणि लोक शेजारच्या अनोळखी माणसाशी बोलायला लागायचे. मी रीळ लावता लावता ते ऐकायची. रसास्वाद म्हणजे काय हे मला तिथे कळलं. लोकांना बोलायचं असतं, त्यांना फक्त तेवढी मोकळी जागा लागते.

"कसा वाटला?" हे विचारू नका. त्याचं उत्तर "बरा होता" हेच येतं आणि बोलणं तिथेच संपतं. विचारा, "तुझ्या डोळ्यासमोर आत्ता कुठलं चित्र आहे?" प्रत्येकाने एकच सांगायचं. एका शाळेत नववीच्या मुलांना मी नागराज मंजुळेंचा 'फँड्री' दाखवला होता. त्यात कुटुंब डुकराच्या मागे धावतंय आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निघून जातं. एका मुलाने सांगितलं की मला ते थांबलेले पाय आठवतायत. दुसरी मुलगी म्हणाली, डुक्कर पळालं तेव्हा मला हसू आलं आणि मग हसल्याची लाज वाटली. पुढचा पाऊण तास मला काही शिकवावं लागलं नाही, जात, शाळा, देश सगळं मुलांनीच त्या एका प्रसंगातून बाहेर काढलं. तुमच्या घरी रोज असं होणार नाही, कधीकधी मुलगी म्हणेल "मला तो कुत्रा आवडला" आणि तेवढंच. तेही पुरेसं आहे, दोन दिवसांनी शाळेतून आल्यावर त्या कुत्र्याबद्दल ती अजून काहीतरी बोलेल.

आणि एक वही ठेवा. संग्रहालय उभं करणारे पी. के. नायर साहेब सिनेमा बघताना अंधारात छोटा टॉर्च घेऊन वहीत नोंदी करायचे. आपल्याला तेवढं नको. तारीख, सिनेमा, कोणाची पाळी, आणि प्रत्येकाचं ते एक चित्र, चार ओळी. लिहिण्याचं काम मुलीला द्या. तुम्ही म्हणालात ना की नावसुद्धा आठवत नाही, त्यावर मला याहून चांगला उपाय माहीत नाही. आमच्या घरातली वही आता तिसरी चालू आहे आणि पाहुणे आले की तीच काढून बसतो.

सिनेमा जमलाच नाही तर? अर्धा तास द्यायचा, त्यानंतर ज्याची पाळी आहे त्यानेच ठरवायचं थांबायचं की नाही, बाकीच्यांनी चुळबुळ करायची नाही. थांबलात तरी वहीत लिहा, का थांबलो ते. आणि एखादा सगळ्यांना फार आवडला तर त्याच दिग्दर्शकाचे अजून दोन पुढच्या पाळ्यांमध्ये कुणीतरी लावा. तिसऱ्यापर्यंत मुलगी स्वतःच म्हणेल की यांच्या सिनेमात नेहमी असं असतं.

सुरुवात सासूबाईंच्या पाळीने करा असं मला मनापासून वाटतं, कारण सध्या त्याच उठून आत जातायत. "काय लावू?" असं विचारलंत तर त्या "काहीही लाव" म्हणतील. त्यांना असं विचारा की लग्नाआधी थिएटरात बघितलेला कुठला सिनेमा आठवतो, कोणाबरोबर गेला होतात, कुठल्या गावी. उत्तर येईल त्यातला सिनेमा शोधा, मिळाला तर फ्रीजवर त्यांच्याच हाताने लिहून घ्या, नाही मिळाला तर त्याच नटाचा किंवा त्याच काळातला दुसरा. शनिवारी पहिली खुर्ची त्यांची. मग इथे येऊन सांगा कुठला सिनेमा निघाला आणि मुलीने वहीत काय लिहिलं, मी वाट बघते.